व्हर्लिन स्टेंझलची निळी ट्यूब

व्हर्लिन स्टेंझलला माणसं आवडत नसत असं म्हटलं तर ते अर्धवट बोलणं होईल. माणसं त्याला चालत. माणसांचे डोळे त्याला चालत नसत. देवाने केलर्स मिल गावात घाऊक भावाने डोळे वाटले ते नुसते चष्मा अडकवायला, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत तो लोकांच्या घरात, त्यांच्याच सोफ्यासमोर उकिडवा बसून, त्यांचीच कॉफी पिता पिता त्यांना ऐकवायचा.

त्याचा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. तेही साधेसुधे टीव्ही नव्हेत, कपाटाएवढे. त्या काळी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये ज्याच्या तळघरात असलं धूड नाही त्याच्याकडे फुटबॉलच्या रविवारी कुत्रं फिरकत नसे. पुढे पडदा, आत मोठा तिरका आरसा आणि तळाशी तीन ट्यूब: लाल, हिरवी, निळी. प्रत्येक ट्यूब आपापल्या रंगाचं चित्र आरशावर फेकते. तिन्ही चित्रं पडद्यावर नेमकी एकावर एक बसली तर माणूस माणसासारखा दिसतो. जरा सरकली की खेळाडूच्या एका अंगाला लाल भूत आणि दुसऱ्या अंगाला निळं. हे सरकणं दर हिवाळ्यात व्हायचंच, आणि मग व्हर्लिनला फोन जायचा. फोन त्याची बायको लव्हॉन घ्यायची, कारण व्हर्लिनने घेतला तर गिऱ्हाईक पुन्हा फोन करायच्या भानगडीत पडत नसे.

गिऱ्हाइकांमध्ये त्याने वरच्या आणि खालच्या पायऱ्या लावल्या होत्या, पण सगळ्या पायऱ्यांवर गाढवंच. चित्र धुरकट झालं म्हणून पडद्यावर काच पुसायचं औषध फवारणारी बाई एका पायरीवर. खोट कुठे, तर आत, ट्यूब गार ठेवणाऱ्या द्रवात बुरशी धरलेली; आणि ही बया बाहेरून पडदा घासून घासून त्याची साल काढून बसलेली. दिवसरात्र एकच बातम्यांचा चॅनेल लावून त्याचं कोपऱ्यातलं चिन्ह ट्यूबवर कायमचं जाळून घेतलेला एक निवृत्त पोस्टमन त्याच्या खाली. दुसरा चॅनेल लावला तरी हे का दिसतं, असं तो भाबडेपणाने विचारायचा. आणि सगळ्यात तळाला चीज फॅक्टरीतून निवृत्त झालेला ऑर्व्हिल नोव्हिट्स्की. हा व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त. हा पठ्ठ्या लाल रंग इतका चढवून ठेवायचा की बातम्या देणारी बाई पातेल्यातून नुकतीच काढल्यासारखी दिसायची. तुझ्या तोंडावर डोळे आहेत की शर्टाची बटणं, असं व्हर्लिन त्याला त्याच्या नातवंडांसमोर विचारायचा. ऑर्व्हिल हसायचा. दुसरं करणार काय? बाकी दुरुस्तीवाले तासभर लांबच्या शहरात होते.

काम मात्र तो करायचा, हे नाइलाजाने कबूल करायला हवं. बिअरच्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्याने बॅगेत ठेवलेले असत. दोन ट्यूब पुठ्ठ्याने झाकायच्या आणि तिसरीचं चित्र एकटं निरखायचं. लाल साफ आहे का, हिरवं पसरलंय का, निळं मरगळलंय का. मग पडद्यावर उभ्याआडव्या रेषांची जाळी आणून तिन्ही जाळ्या एकमेकींवर अशा बसवायचा की केसाचाही फरक राहू नये. शेवटचं काम रंगाचं: पांढऱ्याला पांढरा करणं, करड्याला करडा. याला इतर दुरुस्तीवाले मीटर लावतात. व्हर्लिनने आयुष्यात मीटर लावला नाही. तरुणपणी एकदा कंपनीचा माणूस मीटर घेऊन आला होता आणि व्हर्लिनने नुसत्या नजरेने लावलेला पांढरा त्याच्या मीटरने जसाच्या तसा मान्य केला होता. त्या एका दुपारच्या जोरावर हा गृहस्थ पुढे तीसेक वर्षं मिरवला. कुणी मीटरचं नाव काढलं की उजव्या डोळ्याखाली बोट टेकवायचा आणि म्हणायचा, माझा मीटर इथे आहे.

आता आमच्या गावाची रीत वेगळी. आमच्याकडे टीव्हीची परीक्षा जाळीवर नाही, पाटलोणीवर होते. आपल्या टीमचा शर्ट हिरवा आणि पाटलोण सोनेरी पिवळी. ती पिवळी कशी दिसायला हवी हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाळण्यापासून ठाऊक असतं. म्हणून घरोघर एखाद्या जुन्या जिंकलेल्या मॅचची टेप राखून ठेवलेली असे. टीव्ही दुरुस्त झाला की ती लावायची, सगळ्यांनी मिळून पाटलोण बघायची, मान डोलवायची आणि मगच दुरुस्तीवाल्याला सोडायचं. व्हर्लिनच्या अंगाचा यावर तिळपापड व्हायचा. पाटलोणीवरून टीव्ही लावणाऱ्यांना मत द्यायचा हक्क कुणी दिला, असं तो म्हणायचा. टेप पुढे केली की हात झटकून बॅग बंद करायचा.

मग काही वर्षांपूर्वी एका मोसमात तक्रारी यायला लागल्या. पाटलोण फिकी दिसते. पाटलोण ताकासारखी दिसते. एका म्हातारीने तर फोनवर सांगितलं की व्हर्लिन येऊन गेल्यापासून बर्फ निळा पडतोय आणि तिला घरबसल्या थंडी वाजते. व्हर्लिनने प्रत्येकाकडे जाऊन प्रत्येकाची हजेरी घेतली. तुमचे डोळे वर्षानुवर्षं केचपमध्ये बुडालेत, आता कुठे खरा रंग बघताय, सोसत नाही तर रेडिओ ऐका. झालं, तक्रारी थांबल्या. एकदम थांबल्या. गाढवं शिकली, असं व्हर्लिनने लव्हॉनला सांगितलं. लव्हॉनने त्याच्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं आणि हो म्हणाली.

पण गाढवं शिकली असतील तर ही काय भानगड होती? पुढच्या खेपेला तो त्याच घरांत गेला की टीव्ही पिवळा. नुसता पिवळा, काविळीचा रोगी असावा तसा. मागच्या वेळी स्वतःच्या हाताने पांढरा स्वच्छ लावून गेलेला, आणि आता ही दशा. आधी त्याला वाटलं लोक रिमोटशी खेळतात. पण रंगाची खरी बटणं रिमोटवर नसतातच. ती आतल्या सर्व्हिस मेनूत असतात आणि तिथे पोचायला बटणं दाबायचा एक ठरावीक क्रम लागतो. तो क्रम व्हर्लिन गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून दाबायचा. गावातल्या एकाही टाळक्याला तो कळण्याची शक्यता नव्हती. म्हणजे दोष लोकांत नाही, ट्यूबमध्ये. निळी ट्यूब मरत होती. घरोघरची. सगळ्या गावाला एकाच वेळी नासक्या निळ्या ट्यूब विकल्या गेल्या होत्या, असा शोध व्हर्लिनने लावला आणि कारखानदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कारखानदारच का, सगळं जगच नासायला लागलं होतं. मोटारींचे नवे दिवे समोरच्याला आंधळं करतात. पेंटवाले पांढऱ्याच्या नावाखाली मळकट रंग विकतात. लव्हॉनसुद्धा कपडे धड धूत नाही. रविवारी चर्चला जायचा शर्ट पिवळट राहिला म्हणून तो तिच्या अंगावर भिरकावायचा. ती तो शर्ट आत न्यायची, थोडा वेळ पाण्याचा नळ सोडायची आणि तोच शर्ट कोरडाच परत आणून द्यायची. आता जरा बरा आहे, असं म्हणून हा घालायचा.

बर्निस झास्ट्रोच्या बारमधला टीव्ही गावातला सगळ्यात मोठा. शुक्रवारी तिथे तळलेले मासे, राय ब्रेड आणि ब्रँडी यांवर अर्धं गाव तुटून पडतं आणि रविवारी मॅचला उरलेलं अर्धं. त्या हिवाळ्यात आपली टीम बऱ्याच वर्षांनी शेवटच्या फेरीच्या तोंडाशी आली होती. एका शुक्रवारी व्हर्लिन मासे खायला बसला, समोर बघितलं आणि काटा खाली ठेवला. टीव्ही पिवळा. महिन्याभरापूर्वीच त्याने स्वतः लावलेला.

तो तसाच उठून उभा राहिला आणि भर बारमध्ये जाहीर केलं की ही निळी ट्यूब मेली आहे, तो ती स्वखर्चाने बदलणार आहे, आणि नवी ट्यूब घातल्यावरही हा टीव्ही पिवळा पडला तर व्हर्लिन स्टेंझल आपली बॅग नदीत टाकेल आणि पुन्हा कुणाच्या टीव्हीला हात लावणार नाही. बर्निस म्हणाली, राहू दे रे, आम्हाला ठीक दिसतोय. तिला तो म्हणाला की तुम्हाला काय, गढूळ पाणी दाखवलं तरी ठीकच दिसेल. खरं तर अशा बोलण्यावर आमच्याकडे चारजण तरी खिदळतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या ताटात बघत राहिले. व्हर्लिनला वाटलं, वचकले.

सोमवारी बार बंद असतो. त्याने दिवसभर खपून ट्यूब बदलली, रेषा जुळवल्या, पांढरा पांढरा केला आणि छाती काढून घरी गेला. शुक्रवारी मासे खायला गेला. टीव्ही पिवळा.

कुणी एका शब्दाने बॅगेची आठवण काढली नाही. ऑर्व्हिलने तर स्वतःच्या पैशाने त्याला ब्रँडी पाजली आणि हवामानाबद्दल बोलत बसला. नवी ट्यूब नासकी, असं तो पुटपुटला खरा. पण आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं बोलणं स्वतःला पटलं नाही. बॅग नदीत टाकायची म्हणजे काय उरलं? सगळ्या गावाला आंधळं म्हणण्याचा हक्क त्याला त्या बॅगेनेच तर दिला होता.

पुढच्या आठवड्यात तो गाडीचं लायसन्स नवं करून घ्यायला गेला आणि खिडकीतल्या बाईने यंत्राला डोळा लावायला सांगितल्यावर तिच्याशी भांडला. तुमची अक्षरं मळकी आहेत, पुसून घ्या, असं तिला म्हणाला. तिने लायसन्स दिलं नाही. लव्हॉन त्याला शहरातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वाटेत तो डॉक्टर जमातीबद्दल जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाली की मोतीबिंदू चांगले पिकलेत, चार-पाच वर्षं तरी तुम्हाला सगळं सफरचंदाच्या रसातून बघितल्यासारखं पिवळं दिसत असणार. व्हर्लिनने ते नीट ऐकलंच नाही. पोरगी गिऱ्हाईक पटवतेय, असं त्याला वाटलं. लायसन्स हवं म्हणून तो आधी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. शनिवार होता, शेवटच्या फेरीत नेणारी मॅच उद्यावर. दवाखान्याबाहेर बर्फ पडलेला होता. व्हर्लिनने डावा डोळा मिटून बर्फ बघितला. मग उजवा मिटून बघितला. गाडीत बसेपर्यंत तो आळीपाळीने एकेक डोळा मिटत होता, आणि लव्हॉन दार उघडून मुकाट्याने वाट बघत होती. उजव्याला बर्फ पांढरा. डाव्याला बर्फावर कुणीतरी सफरचंदाचा रस ओतून गेलेलं.

घरी तो थेट तळघरात गेला आणि आपला टीव्ही लावला. त्याने स्वतः लावलेला, गावात सगळ्यांना ज्याचा दाखला द्यायचा तो टीव्ही. डावा डोळा मिटला. निळा. बोलणाऱ्या बाईचे दात निळे, टेबलक्लॉथ निळा, घोडा निळा. थडग्यातून उठून आलेली माणसं हवामान सांगत होती.

आता तुम्ही म्हणाल, पश्चात्ताप झाला असेल. कसला पश्चात्ताप! याच्या डोक्यात पहिला विचार आला तो लपवालपवीचा. पिवळ्या डोळ्यांना पांढरं दिसेपर्यंत निळा चढवत सगळं गाव निळं करून ठेवलंय, कुणाला कळायच्या आत फिरून नीट करायला हवं, सुरुवात बारपासून. डॉक्टरने वाकायला आणि जड उचलायला मनाई केली होती, पण रंगाला रिमोट पुरे. रविवारी मॅचच्या आधी त्याने लव्हॉनला गाडी काढायला लावली. दवाखान्याचा भलामोठा काळा चष्मा लावून तो बारच्या दारात उतरला. ती म्हणाली, मी गाडीतच थांबते, आणि इंजिन चालूच ठेवलं.

बार गच्च भरला होता. तो कुणाकडे न बघता टीव्हीसमोर गेला, चष्मा काढला, डावा डोळा तळहाताने झाकला.

पांढरा पांढरा होता. करडा करडा होता. आणि सरावासाठी मैदानात उतरलेल्या पोरांच्या पाटलोणी अशा पिवळ्याधमक होत्या की त्याचा डोळा भरून आला; ऑपरेशनमुळेही असेल. त्याने हात डाव्यावरून उजव्यावर नेला. पिवळा. काविळीसारखा पिवळा, दर शुक्रवारी दिसायचा तसाच. बर्निस ॲप्रनला हात पुसत पुढे आली.

"कुणाला बोलावलंस?" त्याने विचारलं. "शहरातल्या त्या मीटरवाल्याला?"

"कुणालाही नाही."

"मग हा लावला कुणी?"

"मी. तू गेलास की दर वेळी मीच लावते. निळा खाली आणायचा, टेप लावायची, पाटलोण दिसली की थांबायचं."

"सर्व्हिस मेनूतून? तुला तो क्रम कुणी सांगितला?"

बर्निसने खिडकीबाहेर बघितलं. दारासमोर लव्हॉन गाडीत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत.

"मलाही तिनेच सांगितला, घरी तुला दाबताना बघून," ऑर्व्हिल कोपऱ्यातून म्हणाला. "तू निघालास की तिचा फोन यायचा. बोटं वाकडी झालीत माझी, पण तेवढं जमतं. माझी मेहुणीही करते. पोस्टमनसुद्धा करतो."

"सगळे?"

"शर्टाची बटणंवाले सगळे."

व्हर्लिनने रिमोट काउंटरवर ठेवला. गावातल्या ज्या टाळक्यांत उजेड नाही म्हणून तो इतकी वर्षं थुंकत आला, ती सगळी टाळकी पाठांतर करून, बोटं वाकडी असतानाही, त्याच्या पाठीमागे त्याची घाण निस्तरत होती. आणि वर त्याचे पैसे देत होती, त्याच्या शिव्या खात होती.

"मग मला बोलवत कशाला होतात?" त्याने विचारलं.

"रेषा तुझ्याइतक्या सरळ कुणाच्या बसत नाहीत," बर्निस म्हणाली. "आणि तू घरी बसला असतास तर त्या बिचारीने काय करायचं होतं? दिवसभर तुझं तोंड ऐकत बसायचं? आम्हाला तासभर पुरतं." मग तिने टीव्हीचा आवाज वाढवला. मॅच सुरू व्हायची होती, आणि व्हर्लिन स्टेंझलसाठी कुणी मॅच सोडत नाही.

घरी आल्यावर लव्हॉनने कोट काढले, खाली तळघरात जाऊन टीव्ही लावला, मॅच पहिल्याच डावात होती. दोन निळसर टीमा निळ्या बर्फात एकमेकींना आडवं पाडत होत्या. ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि बघायला लागली. चार-पाच वर्षं तिने हेच बघितलं होतं. सगळ्या मॅचेस, नाताळचे सगळे कार्यक्रम, तिच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाची टेप. व्हर्लिन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून तिच्याकडे बघत होता. टीव्हीचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"सगळ्या गावाला क्रम सांगितलास," तो म्हणाला. "आपला का नाही लावलास?"

"तो तू बघतोस ना," लव्हॉन म्हणाली. "तुला पिवळा दिसला असता."

तो येऊन शेजारी बसला, रिमोट घेतला, क्रम दाबला. निळ्याची पट्टी पडद्याच्या तळाशी आली. त्याने डावा डोळा मिटला, अंगठा बटणावर ठेवला. मग अंगठा उचलला.

"कुठे थांबू ते तू सांग."

"आणखी खाली," ती म्हणाली. "आणखी. आता जरा दम धर. पाटलोण दिसू दे."

पडद्यावर कोच दिसत होता, मग गर्दी, मग ट्रकची जाहिरात लागली. व्हर्लिन हातात रिमोट धरून पाटलोण येण्याची वाट बघत बसला.